एकच स्पॉटिंग स्कोप: भिगवणचा काठ, ५० मीटरची रेंज आणि कोलोरॅडोचा डोंगर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्याहून दर हिवाळ्यात भिगवणला आणि अधूनमधून अलिबागजवळच्या आक्षीला पक्षी पाहायला जाता. आपली मुलगी ५० मीटर रायफलचा सराव करते आणि कागदी लक्ष्यावरची छिद्रे जागेवरूनच पाहता यावीत म्हणून तिला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची एकनळी दुर्बीण, हवा आहे. कोलोरॅडोत राहणारे आपले थोरले बंधू तिथला परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातात. ते शरदातला एक हंगाम स्कोप स्वतः वापरून पाहतील आणि डिसेंबरात येताना घेऊन येतील. या तिघांसाठी मिळून ‘२०-६०×८०’ (२० ते ६० पट मोठे दाखवणारा, पुढचे भिंग ८० मिलिमीटर व्यासाचे) असा एकच स्कोप घ्यावा का, आणि ६० पट तरी पुरेल का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की ८० मिलिमीटरचा स्कोप घेऊ नये, ६० ते ६५ मिलिमीटरचा, ईडी काचेचा (जी रंगीत किनार कमी करते) आणि तिरप्या आयपीसचा (डोळा लावायचा भाग वर वळलेला) घ्यावा; ६० पटीचा विचार मनातून काढून टाकावा; आणि यातून जे पैसे वाचतील ते सगळे ट्रायपॉडवर घालावेत. मी वीस-बावीस वर्षे स्कोप खांद्यावर वाहिला आहे, त्याआधी काही वर्षे क्लबमध्ये पालथे पडून ५० मीटरवर नेम धरला आहे, आणि शिकार कधी केली नसली तरी एका आप्ताबरोबर रॉकी पर्वतात दोन शरद ऋतूंत दिवसचे दिवस एल्क शोधत बसलो आहे. हे मत त्या अनुभवातून आलेले आहे, आणि त्याची कारणे समजून घेतली तर आपल्याला माझ्याशी असहमत होण्याचाही मार्ग मोकळा राहील.

सुरुवात हवेपासून करतो, कारण दुकानात ती कधीच दाखवली जात नाही. डिसेंबरात सकाळी साडेसातला उजनीच्या पाणफुगवट्यावर, डिकसळच्या बाजूला उभे राहून पाहिले, तर पाणी आणि हवा दोन्ही शांत असतात. ४५ पटीवरही दूरच्या तलवार बदकाच्या नराच्या मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ कापल्यासारखी स्वच्छ दिसते. त्याच जागी साडेदहाला तोच स्कोप लावा. चिखल तापलेला असतो, त्याला लागून असलेली हवा तापून वर सरकू लागते, आणि गरम-थंड हवेचे हे थर प्रकाशाला निरनिराळ्या प्रमाणात वाकवत असल्यामुळे बदकाची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी लवलवू लागते. स्कोप पक्षी मोठा करतो तसाच हा थरथराटही मोठा करतो. त्यामुळे साडेदहानंतर २५ ते ३० पटीपलीकडे गेल्यावर पक्षी मोठा दिसतो, पण अधिक काही दिसत नाही. या ठिकाणी दोन लाखांचा स्कोप आणि वीस हजारांचा स्कोप यांच्यातला फरक बराचसा पुसला जातो. माळरानावर तर ही वेळ आणखी लवकर येते. सासवड-सुप्याकडच्या गवताळ पट्ट्यात धाविक पाहताना मार्चमध्ये नऊ वाजताच मी स्कोप बंद करून दुर्बिणीवर आलेलो आहे.

हे शिकायला मला स्वतःला पैसे मोजावे लागले. माझा पहिला स्कोप ‘२५-७५×७०’ असा होता आणि तो मी केवळ ७५ या आकड्याला भुलून घेतला होता. त्याच्या सबंध आयुष्यात ७५ पटीवर मी त्यातून समाधानाने काही पाहिले असेल तर तो चंद्र. पक्ष्यांसाठी मी त्याची कडी ३५च्या पुढे क्वचितच फिरवली, आणि कमीत कमी पट २५ असूनही त्याचे दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की शेजारी उभ्या असलेल्या मित्राने ‘डावीकडच्या बाभळीखाली’ असे सांगितल्यावर मला आधी बाभूळच शोधावी लागे.

पटीच्या आकड्याला दुसरी मर्यादा प्रकाश घालतो, आणि तिचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ६५ मिलिमीटरचा स्कोप २५ पटीला २.६ मिलिमीटरचा झोत देतो, ४० पटीला १.६ आणि ६० पटीला जेमतेम १.१ मिलिमीटरचा. भर दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे २५ पटीवर चित्र भरपूर उजळ वाटते, ४० पटीवर किंचित मंद होते, आणि ६० पटीवर ते काळवंडते. शिवाय झोत १ मिलिमीटरच्या जवळ आला की आपल्याच डोळ्यातले तरंगते ठिपके आणि तंतू चित्रावर फिरताना दिसू लागतात, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला तर ते हमखास दिसतात. ८० मिलिमीटरच्या भिंगाने हा आकडा ६० पटीला १.३ वर जातो, म्हणजे फरक पडतो, पण तेवढ्याने ६० पट उपयोगी होत नाही. स्कोप बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे: व्होर्टेक्सचा ६५ मिलिमीटरचा रेझर एचडी २२ ते ४८ पटीचा आहे, आणि निकॉनच्या ६० मिलिमीटरच्या मोनार्कमध्ये झूम आयपीस १६ ते ४८ पट देतो. दोघांनीही ४८वर थांबायचे ठरवले ते काही कंजूषपणाने नव्हे.

८० किंवा ८५ मिलिमीटरचा स्कोप वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. ६५च्या तुलनेत ८० मिलिमीटरचे भिंग दीडपट प्रकाश गोळा करते, आणि हिवाळ्यात सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत, जेव्हा भोवत्या हे शिकारी पक्षी माळावर रात्रीच्या मुक्कामासाठी उतरू लागतात, तेव्हा हा दीडपट प्रकाश अक्षरशः मोजता येतो. जो माणूस गाडीतून उतरतो, वीस पावलांवर स्कोप उभा करतो आणि तासभर तिथून हलत नाही, त्याने ८० मिलिमीटरचाच घ्यावा. ठाण्याच्या खाडीकाठी रोहित पक्ष्यांची गणना करणाऱ्याला मी दुसरा सल्ला देणार नाही. पण ८० मिलिमीटरचा स्कोप आयपीससह दीड ते दोन किलोंचा होतो, त्याला पेलणारा ट्रायपॉड आणि हेड (ट्रायपॉडचा स्कोप फिरवणारा वरचा भाग) मिळून आणखी अडीच-तीन किलो होतात, आणि हे ओझे आक्षीच्या वाळूतून ओहोटीच्या रेषेपर्यंत नेऊन परत आणायचे असते. मोठा स्कोप घेतलेल्या माझ्या ओळखीच्या अर्ध्याअधिक लोकांचा स्कोप दुसऱ्या वर्षापासून घरीच राहू लागला. आपल्या बाबतीत तर तो डोंगरही चढणार आहे.

आता पक्ष्यांकडे वळू, कारण तीनही कामांत तेच सर्वांत कठीण काम आहे. कागद जागचा हलत नाही, एल्क आकाराने घोड्याएवढा असतो. छोटा टिलवा मात्र तेरा-चौदा सेंटिमीटरचा असतो, क्षणभर स्थिर राहत नाही, आणि चिखलावर दोनशे मीटरवर चरत असतो. ३० पटीला दोनशे मीटरचे अंतर सुमारे साडेसहा मीटर होते. त्या अंतरावरून त्याचे पाय काळे आहेत की पिवळसर हिरवे, एवढे दिसले की तो छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा हा प्रश्न सुटतो. पण काळा आणि मळकट हिरवा यांतला फरक पटीवर अवलंबून नाही, काचेच्या गुणवत्तेवर आहे. साधी काच निरनिराळ्या रंगांना थोड्या निरनिराळ्या ठिकाणी एकत्र आणते, त्यामुळे गडद पायाभोवती जांभळी किंवा हिरवी किनार येते आणि पायाचा खरा रंग तिच्यात बुडून जातो. ईडी काच किंवा फ्लोराइट ही किनार पुष्कळ कमी करते. आक्षीला थव्यात शेदोनशे वाळूचिखले एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, आणि अलीकडच्या वर्गीकरणात छोट्या वाळूचिखल्याचे तिबेटी आणि सैबेरियन असे दोन भाग झाल्यापासून तर चोचीची लांबी, पायाचा रंग आणि डोक्याची ठेवण पाहण्याची गरज वाढलीच आहे. त्यासाठी ६० मिलिमीटरची ईडी काच ८० मिलिमीटरच्या साध्या काचेपेक्षा केव्हाही सरस आहे. एका ठिकाणीच पैसे खर्च करता येत असतील तर ते इथे करावेत.

मोठ्या पटीचे एकच काम मला प्रामाणिकपणे मान्य करावे लागते, ते म्हणजे अभ्यासकांनी पक्ष्यांना लावलेल्या खुणा वाचणे. पट्टकादंबाच्या गळ्यातली पट्टी किंवा किनारी पक्ष्याच्या पायावरचा रंगीत झेंडा आणि त्यावरची अक्षरे वाचायची असतील तर ४० ते ५० पटीशिवाय भागत नाही. तेही सकाळच्या स्थिर हवेत, पाठीवर ऊन घेऊन, आणि पक्षी पाय दुमडून उभा नसेल तरच. आयपीसला मोबाइल लावून त्या पायाचे दहा-पंधरा सेकंदांचे चित्रण करून ठेवावे. एखाद्या चौकटीत अक्षर नेमके सापडते, आणि नोंद कळवताना पुरावाही राहतो. मोबाइलचा अडॅप्टर त्या विशिष्ट आयपीसच्या व्यासाला बसणाराच घ्यावा; सगळ्याला बसणारा म्हणून जो विकतात तो दर पाच मिनिटांनी सरकतो.

दृष्टिक्षेत्राची तुलना करताना आकडा नेहमी कमीत कमी पटीवरचा पाहावा. सामान्य २०-६० झूमला २० पटीवर एक हजार मीटर अंतरावरचा साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. रुंद क्षेत्राचे २५-५० झूम २५ पटीवरही ४० मीटरच्या आसपास दाखवतात. म्हणजे पट अधिक असूनही दिसणारा भाग जास्त, आणि थवा शोधण्याचे काम निम्म्या वेळात होते. आपण चष्मा लावता की नाही हे आपण लिहिलेले नाही. लावत असाल तर आयपीसपासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, तो आय रिलीफचा आकडा किमान १५ मिलिमीटर आणि शक्यतो १७-१८ मिलिमीटर असावा, नाही तर चित्राची कड कायमची कापली जाईल. झूम वाढवताना हा आकडा काही आयपीसमध्ये घटतो, म्हणून दुकानात चष्मा लावूनच झूमची दोन्ही टोके पाहावीत.

भिगवणबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण दर हिवाळ्यात कोणी ना कोणी ही चूक करतो. होडीत स्कोप नेऊ नये. डुलत्या फळीवर ट्रायपॉड उभा करून २० पटीतून पाहिले की रोहित पक्षी वर-खाली धावताना दिसतात आणि पाहणाऱ्याला मळमळू लागते. होडीत आठ किंवा दहा पटीची दुर्बीण, काठावर आणि निरीक्षण मनोऱ्यावर स्कोप, अशी विभागणी असावी. मनोऱ्यावरही लाकडी फळ्यांची जमीन असेल तर दुसरा माणूस चालू लागला की चित्र हादरते. अशा वेळी ट्रायपॉडचे पाय फळीच्या मध्यावर न ठेवता खांबाजवळ ठेवले तर फरक पडतो.

यावरून ट्रायपॉडकडे येतो. माझ्या मते एकूण खर्चाचा चौथा हिस्सा तरी ट्रायपॉड आणि हेडसाठी ठेवावा, आणि हा हिस्सा स्कोप निवडण्याच्या आधीच बाजूला काढावा, कारण नंतर तो उरत नाही. हजार-दोन हजारांच्या हलक्या कॅमेरा ट्रायपॉडवर उत्तम स्कोप ठेवला की वाऱ्याची झुळूक आली तरी तो तारेसारखा थरथरतो, आणि फोकसच्या चाकाला बोट लावले की चित्र स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद जातात. तोवर तुतारी पक्षी उडून गेलेला असतो. पाय जाड असावेत, शक्यतो तीनच टप्प्यांचे, आणि मधला दांडा वर न काढताच आपल्या उंचीला पुरणारे असावेत. मधला दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायावर उभा राहतो, असे समजावे. हेड गोळ्याचे नको. एका मुठीने वर-खाली आणि आडवे सरकणारे, तेल भरलेले छोटे व्हिडिओ हेड हवे, म्हणजे उडत्या कुरवाच्या मागे सावकाश जाता येते. स्कोपची पट्टी हेडवर पुढे-मागे सरकवून तोल असा साधावा की मूठ सोडली तरी नाक खाली झुकणार नाही. ६५ मिलिमीटरचा स्कोप घेण्याचे निम्मे सुख इथे आहे, कारण त्याला दीड-पावणेदोन किलोंचा कार्बनचा ट्रायपॉड पुरतो.

तिरपा आयपीस की सरळ, या वादात पक्षीनिरीक्षकांसाठी मी ४५ अंशाच्या तिरप्या बाजूचा आहे. तिरप्या आयपीसमध्ये मान खाली घालून पाहायचे असल्यामुळे ट्रायपॉड कमी उंचीवर राहतो, म्हणून तो कमी हलतो. आणि सहा फुटी माणसापासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना एकाच उंचीवर पाहता येते. सह्याद्रीच्या कड्यावर गिधाडांची घरटी खालून वर पाहायची असतील तेव्हा तर सरळ स्कोपने मान मोडते. तिरप्याची खोड एवढीच की सुरुवातीला पक्षी सापडत नाही, कारण आपण पाहतो खाली आणि नळी रोखलेली असते समोर. नळीच्या कडेला रंगीत पट्टीचा एक बारीक तुकडा चिकटवून त्याच्या रेषेत नेम धरण्याची सवय केली की आठवड्याभरात हात बसतो.

मुलीच्या कामासाठी मात्र स्कोप निवडणे फारच सोपे आहे, आणि इथे आपण अवाजवी खर्च करू नये. ५० मीटर रायफलची पॉइंट टू-टू (.२२) गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची असते. ५० मीटरवरचे छिद्र २० पटीतून अडीच मीटरवरून पाहिल्यासारखे दिसते, आणि २५ ते ३० पटीत काळ्या वर्तुळातले छिद्रही स्पष्ट होते. पांढऱ्या भागातले छिद्र सहज दिसते, काळ्यातले दिसत नाही, ही नेहमीची तक्रार पटीची नसून प्रकाशाची आणि काचेच्या तजेल्याची असते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे गोळी दहाच्या कोणत्या बाजूला गेली हे ओळखायला ६० मिलिमीटरचा स्कोप पुरून उरतो. पुढे ती ३०० मीटरच्या मोठ्या रायफलकडे वळली तर ७.६२ मिलिमीटरचे छिद्र ३० पटीतून दहा मीटरवरच्यासारखे दिसेल. तिथे ४०-४५ पट लागतील आणि सकाळचीच वेळ लागेल. १० मीटर एअर रायफलच्या सरावात स्कोप कोणी वापरत असेल तर त्याचे किमान फोकस अंतर तपासावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटरच्या स्पर्धेत मात्र असा स्कोप वापरता येत नाही.

आणि इथे माझा खरा मुद्दा येतो. रेंजवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर गुण शेजारच्या पडद्यावरच दिसतात, छिद्र पाहायला स्कोपची गरजच उरत नाही. तरीही अनुभवी नेमबाज स्कोप डोळ्याजवळ ठेवतात, ते हवा वाचण्यासाठी. भिगवणला जी थरथर आपल्याला नकोशी वाटते, तीच रेंजवर उपयोगी पडते. स्कोपचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणला की हवेच्या लहरी दिसू लागतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा तसा आहे, जितक्या आडव्या आणि वेगात तितका तो जोरात, आणि त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडला आहे किंवा नेमक्या आपल्या रेषेत वाहतो आहे. असे उकळणे म्हणजे बहुधा वारा दिशा बदलण्याच्या बेतात आहे, म्हणून जाणता नेमबाज त्या क्षणी घोडा दाबत नाही. ध्वज वाऱ्याचा जोर दाखवतो, पण मागे पडतो. लहरी आधी बदलतात. हे वाचन २० ते २५ पटीला उत्तम होते, मोठ्या पटीला सगळेच ढवळलेले दिसते. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार आपली मुलगी करणार असेल, तर गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन उंचींवर स्कोप लागेल. त्यासाठी ट्रायपॉड गैरसोयीचा असतो; जड पायाचा, उभ्या दांड्यावर स्कोप वर-खाली सरकवता येणारा स्टँड घ्यावा. ती उजव्या हाताने नेम धरत असेल तर आयपीस डाव्या डोळ्याजवळ असा आणून ठेवावा की रायफल खांद्यावरून न काढता, कोपर न हलवता, डोके किंचित वळवून पाहता येईल. आपला स्कोप तिरपा आणि लांब आय रिलीफचा असावा याचे हे दुसरे कारण.

शिकारीचा भाग पूर्णपणे आपल्या बंधूंचा आणि त्यांच्या राज्याचा आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा स्कोप भारतात आल्यावर त्याचे ते काम संपले. कोलोरॅडोत त्याची गरज का पडते हे मला तिथे बसल्यावर कळले. तिथल्या अनेक विभागांत नर एल्क मारण्यासाठी एका शिंगाला किमान चार टोके असावी लागतात, किंवा कपाळाजवळचे टोक किमान पाच इंच लांब असावे लागते. समोरच्या उतारावर आठशे मीटरवर, झाडांच्या सावलीत उभ्या असलेल्या जनावराची टोके दुर्बिणीने मोजता येत नाहीत, आणि चूक झाली तर ती परत घेता येत नाही. म्हणून मांडी घालून, ट्रायपॉड जमिनीलगत लावून, ३०-४० पटीतून मोजत बसायचे असते. रायफलीवरच्या दुर्बिणीने हे काम करणे म्हणजे जे अजून ओळखलेले नाही त्याच्यावर बंदूक रोखणे, आणि तिकडचे जबाबदार शिकारी ते कटाक्षाने टाळतात.

एल्क दिसतो तो मुख्यत्वे पहाटे आणि संध्याकाळी. या वेळी ८० मिलिमीटरचा स्कोप जिंकेल, हे मी आधीच मान्य केले आहे. पण अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, पाठीवर आधीच अन्न, पाणी आणि कपडे असताना माझ्या आप्ताने दुसऱ्या वर्षी ८५ मिलिमीटरचा स्कोप गाडीत ठेवला आणि माझा ६० मिलिमीटरचा मागून घेतला. तिथले बरेच लोक सरळ आयपीस पसंत करतात, कारण दुर्बिणीतून दिसलेले जनावर त्याच रेषेत पटकन सापडते, उंच कड्यावरून खाली पाहणे सोपे जाते, आणि गाडीच्या खिडकीच्या काचेवर शिकंजा लावूनही पाहता येते. बंधू सरळ आयपीसचाच आग्रह धरतील. आपण तो मानू नये; ते एक हंगाम वापरणार आहेत, आपण आणि आपली मुलगी पंधरा वर्षे.

नमुन्यांबाबत बोलायचे तर वर उल्लेखलेले निकॉन मोनार्क ६०ईडी आणि व्होर्टेक्स रेझर एचडी २२-४८×६५ हे दोन्ही तिरप्या आयपीससह मिळतात आणि आपल्या गरजेला नेमके बसतात. आणखी हलका हवा असेल तर कोवाचा ५५ मिलिमीटरचा फ्लोराइट स्कोप, १५ ते ४५ पटीचा, आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे असे चित्र देतो. स्वारोव्हस्की, झाइस आणि लायका यांची काच निःसंशय उत्तम आहे. पण भारतात त्यांची किंमत दोन लाखांच्या वर जाते, आणि पहिला स्कोप म्हणून तो खर्च मी कोणाला सुचवत नाही.

एकाच नमुन्याच्या दोन नगांतही फरक असतो, म्हणून बंधूंनी दुकानात हाती येणारा नगच तपासावा. बाहेर उन्हात, लांबच्या विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर जो सूर्याचा चकाकता ठिपका दिसतो त्यावर जास्तीत जास्त पट लावून फोकस करावा, मग फोकसचे चाक किंचित पुढे आणि किंचित मागे फिरवावे. दोन्ही बाजूंना ठिपक्याभोवती गोल, एकसारखी कडी दिसली तर भिंगे नीट बसलेली आहेत. एका बाजूला ती त्रिकोणी किंवा शेपटीसारखी दिसली तर तो नग परत करावा. नंतर पांढऱ्या आकाशावर एखादी काळी फांदी पाहून रंगीत किनार किती येते ते पाहावे. शेवटी तीस मीटरवर छापील कागद लावून ३० पटीला वाचावा आणि ४८ पटीला वाचावा. मोठ्या पटीला एकही नवे अक्षर कळत नसेल तर ती पट केवळ कागदावरची आहे. सूर्याकडे स्कोप चुकूनही रोखू नये, हे मुलांना आधी सांगावे.

खरेदीचे बिल बंधूंनी जवळ बाळगावे, कारण सामानातून आणलेल्या वस्तूंवर ठरावीक मर्यादेपलीकडे सीमाशुल्क लागते, आणि हमी भारतात चालेल की दुरुस्तीसाठी स्कोप परत तिकडे पाठवावा लागेल हे कंपनीला लेखी विचारून घ्यावे. स्कोप नायट्रोजन भरलेला आणि जलरोधक असावा. आपल्या पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी आहे. माझ्या एका स्कोपच्या आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले, ते त्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवल्यामुळे. पिशवीतून काढून, झाकणे उघडी ठेवून, तो हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरडे करावे. आक्षीहून परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावेत, कारण वाळूचा एक कण कुलपात राहिला तर पुढच्या वेळी पाय एक तर उघडत नाही किंवा बसत नाही; माझा एकदा बसला नाही, आणि स्कोप नाकावर वाळूत पडला तेव्हा भिंग वाचले ते केवळ पुढे ओढून ठेवलेल्या सनशेडमुळे.